पाणी कुठून आलं

आमच्या मामांनी चौतीस वर्षं जमिनीला कान लावून काढली. पाणीपुरवठा खात्यात ते गळती शोधायचं काम करायचे. रस्त्याखालचा जुना नळ कुठे फुटलाय हे वरून दिसत नाही. पाणी एकीकडे फुटतं आणि भलतीकडे वर येतं. म्हणून पहाटे, रहदारी सुरू व्हायच्या आत, मामा छातीएवढ्या उंचीची लोखंडी सळई रस्त्यावर टेकवायचे, तिच्या वरच्या टोकाच्या लाकडी चकतीला कान लावायचे आणि डोळे मिटून घ्यायचे. मग चार पावलं पुढे, पुन्हा कान. शेवटी खडूने फुली मारून म्हणायचे, "इथे खणा." खणलं की पाणी तिथेच. खात्यात त्यांना सगळे 'कानवाले' म्हणत. पुढे यंत्रं आली, तरी यंत्राने दाखवलेली जागा साहेब हळूच मामांकडून तपासून घ्यायचे.

घरात मात्र या कानाचा जाच होता. मामांसमोर कुजबुजायची सोय नव्हती. लग्नानंतर पहिली दोन वर्षं आई भेटायला आली की मनातलं बोलायला मला तिला बागेच्या टोकाला न्यावं लागायचं, असं मामी सांगायची. सांगताना हसायची, पण तिला त्या कानाचा अभिमानही होता.

मामी टपाल खात्यात होती. पत्रं वेगळी करण्याच्या टेबलावर तिचा जन्म गेला. हजारो गावांची नावं तिला पाठ होती आणि त्यातलं एकही तिने पाहिलेलं नव्हतं. दोघं निवृत्त झाली तेव्हा मूलबाळ नसल्यामुळे मागे ओढणारं कुणी नव्हतं. म्हणून त्यांनी एक जुना कॅम्पर घेतला, म्हणजे चाकांवरचं घर. मागे आडवा पलंग, मध्ये दोन शेगड्यांचा ओटा, एक बेसिन, कपाटाएवढी न्हाणी. पलंगाच्या खाली, गाडीच्या पोटाला, ऐंशी लिटरची प्लास्टिकची टाकी. पिण्याचं, भांड्यांचं, सगळं पाणी तिच्यातून यायचं. टाकी रिकामी करायची झाली तर तिच्या बुडाला एक छोटा कॉक होता, तो गाडीखाली लोंबायचा. पाण्याचं खातं अर्थातच मामांकडे. मामी गाडी चालवायची, कारण रस्ते तिला ठाऊक होते.

पहिली दोन वर्षं छान गेली. त्यांचे फोन यायचे, त्यात गावांची नावं असायची आणि मामी ती नावं मिठाई खाल्ल्यासारखी उच्चारायची. पण मला फोनवर एक गोष्ट जाणवायला लागली होती. मामा पूर्वी एका वाक्यात फोन संपवायचे, आता प्रत्येक वाक्याला "काय?" म्हणायचे. नेटवर्कला शिव्या द्यायचे. हल्ली लोक तोंडातल्या तोंडात बोलतात, अशी त्यांची नवी तक्रार होती. मामीने एकदा डॉक्टरकडे जाऊन कान तपासून घ्या असं सुचवलं, तर ते दोन दिवस तिच्याशी बोलले नाहीत. चौतीस वर्षं ज्या कानाने शहराचं पाणी वाचवलं, त्याच कानाबद्दल बायकोने असं बोलावं हे त्यांना सोसलं नाही.

तिसऱ्या हिवाळ्यात ती दोघं एका टेकडीच्या उतारावरच्या गाडीतळावर मुक्कामाला राहिली. उतारावर पायऱ्यापायऱ्यांसारख्या वीस जागा, त्यांच्या कडेने खाली फाटकापर्यंत जाणारी सिमेंटची वाट, सगळ्यात वर सामाईक नळ. मालक गावात राहायचा. तळाचं सगळं बघायचा तो राखणदार, पन्नाशीचा, फाटकापाशी लाकडी खोलीत एकटा राहणारा. नळ पुसणं, केर काढणं, गॅसच्या टाक्या चढवून देणं, सगळं तोच करायचा. हातात कायम बादली नाहीतर झाडू असायचा.

मामांच्या जागेच्या बरोबर खालच्या पायरीवर एका निवृत्त शिक्षिकेची छोटी पांढरी गाडी होती. तळावरचे सगळे त्यांना बाईच म्हणत, राखणदारसुद्धा. सत्तरी ओलांडलेली, अंगाने काटकुळी, बोलण्यात करकरीत. मामीचं आणि बाईंचं आठवडाभरात मेतकूट जमलं. सकाळी वर्तमानपत्रातलं शब्दकोडं दोघी मिळून सोडवायच्या आणि गावाचं नाव अडलं की बाई म्हणायच्या, "हं, टपालखातं, बोला."

गळती पहिल्यांदा मामीच्या लक्षात आली. पलंगावर आडवी झाली की तिला खालून टपटप ऐकू यायची. तिने मामांना सांगितलं. मामांनी पलंगाच्या फळीला कान लावला, बराच वेळ लावला आणि म्हणाले, काही नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशी मामी स्वतः गाडीखाली वाकली, कॉकखाली हात धरला आणि ओला तळवा मामांच्या नाकासमोर आणला.

मग मामांचा नाइलाज झाला. ते पाठीवर सरकत गाडीखाली गेले. कॉक जिथे टाकीत बसतो त्या आट्यांमधून थेंब येत होता. आयुष्यभर त्यांनी लोखंडी नळ आवळले होते. लोखंडाचा एक नियम असतो, गळतंय तर अजून आवळ. त्यांनी आपला जुना लांब दांड्याचा पाना काढला, दोन्ही हातांनी धरला आणि दात खाऊन पिळला. वर पलंगावर बसलेल्या मामीला कट्‌ असा आवाज आला. तिने विचारलं, काय मोडलं? मामांनी तो आवाज ऐकलाच नव्हता. ते बाहेर येऊन कपडे झटकत म्हणाले, झालं काम.

दोन दिवस खरंच कोरडं होतं. तिसऱ्या दिवशी टपटप पुन्हा सुरू झाली, आता जास्त भराभर. मामीने सांगितलं तेव्हा मामा दाढी करत होते. आरशातूनच म्हणाले, "आता तू मला गळती शिकवणार?"

मामी गप्प बसली. ती मला नंतर म्हणाली की त्या वेळी वाटलं, कोण डोकेफोड करणार. टाकी रिकामी झाली की कळेल आपोआप. तेवढंच माझं चुकलं, असं ती म्हणते. मला वाटतं स्वतःच्या चुकीचं माप ती जरा मोठं धरते, पण ते असो.

त्याच आठवड्यात थंडी उतरली. टाकीला ऊब देणारी विजेची पट्टी होती, त्यामुळे आतलं पाणी पाणीच राहायचं. बाहेर पडलेला थेंब मात्र जमिनीवर गोठायचा. रात्रभर थेंबावर थेंब, थरावर थर. उतार खालच्या पायरीकडे होता.

सकाळी सात वाजता बाई किटली घेऊन नळावर जायला निघाल्या. गाडीच्या पायरीवरून उतरून दुसरंच पाऊल टाकलं आणि पाय सरकला. किटली घरंगळत पार फाटकापर्यंत गेली म्हणे. तो आवाज सगळ्या तळाने ऐकला. मामा चहा पीत होते, त्यांनी मामीचा चेहरा पाहून खिडकीकडे पाहिलं.

बाई कुशीवर पडल्या होत्या. ओरडत नव्हत्या. राखणदार धावत आला तेव्हा त्यांनी शांतपणे सांगितलं की मला हलवू नका, खुबा गेलाय असं दिसतंय, आणि माझा चष्मा शोधा. मामीने पांघरुणं आणली, त्यांचं डोकं मांडीवर घेतलं. रुग्णवाहिका यायला पाऊण तास लागला. तेवढ्या वेळात बाईंचे ओठ निळे पडले आणि त्या मामीला शब्दकोड्यातला कालचा अडलेला शब्द सांगत राहिल्या, शुद्ध जाऊ नये म्हणून.

मामा वाटेवर उभे होते. सगळे बाईंकडे पाहत होते, मामा जमिनीकडे. गळतीवाल्या माणसाची ती सवयच. बाईंच्या पायरीसमोर बर्फाचा काचेसारखा पातळ पत्रा होता. त्याची शेपूट वर गेली होती, आधी रुंद, मग निमुळती, सिमेंटच्या वाटेवरून आडवी, दगडाच्या कडेला वळसा घालून सरळ त्यांच्या स्वतःच्या कॅम्परखाली. नळाच्या बाजूची वाट कोरडी होती. हे वाचायला त्यांना सळई लागली नाही की कान लागला नाही.

रुग्णवाहिका गेली. लोक पांगले. मामा गाडीच्या मागच्या बाजूला गेले आणि वाकून पाहिलं. कॉकला वीतभर लांब बर्फाची सुई लोंबत होती. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं आणि बुटाच्या टाचेने ती पाडली, आणि तुकडे पायाने गवतात सारले. असं का केलं हे त्यांना आजही सांगता येत नाही. मला एकदाच म्हणाले, "पाय माझा होता, एवढं नक्की."

नऊ वाजता मालक आला. तो वाईट माणूस नव्हता, पण घाबरलेला होता, आणि घाबरलेला माणूस आधी खाली पाहतो, कोण सापडतंय ते. त्याने विचारलं, पाणी कुठून आलं? कुणीच बोललं नाही. मग राखणदार स्वतःच म्हणाला की काल संध्याकाळी वरच्या नळापाशी मी फरशी पुसायच्या दोन बादल्या ओतल्या. नेहमी गटारात ओततो, काल थंडी होती, कंटाळा केला. मालकाने सगळ्यांसमोर त्याला महिनाअखेरीस खोली रिकामी करायला सांगितलं. राखणदाराने मान डोलावली आणि लगेच राख आणि वाळू आणायला गेला, दुसरं कुणी पडू नये म्हणून. मामांनी त्याच्याबरोबर वाळू टाकली. पूर्ण वाटेवर, वरपासून खालपर्यंत. मदत केली म्हणून राखणदाराने त्यांचे आभार मानले. अर्ध्या तासात ती काचेची शेपूट वाळूखाली गेली.

दिवसभर मामा मूग गिळून बसले. मामीने जेवायला वाढलं, त्यांनी दोन घास खाल्ले. तिला वाटलं, बाईंचा धसका घेतलाय.

दुसऱ्या दिवशी सकाळी दारावर टकटक झाली. राखणदार होता. आत यायला तयार नव्हता, पायात चिखल आहे म्हणाला. मामा खाली उतरले. त्याला झोप लागली नव्हती हे दिसतच होतं.

तो म्हणाला, "तुम्ही पाण्यातले जाणकार. सगळे सांगतात. तुम्हीच सांगा, मी तिकडे वर ओतलेलं पाणी बाईंच्या दारापर्यंत गेलं असेल? मी सारखा चालून बघतोय. मला वाटतं ते दुसऱ्या अंगाला जायला हवं. पण मी स्वतःची समजूत घालतोय का, तेवढं मला सांगा."

मामांनी वर नळाकडे पाहिलं, खाली बाईंच्या बंद गाडीकडे पाहिलं. चौतीस वर्षं ज्याने खडूने फुली मारून 'इथे' म्हटलं होतं तो माणूस म्हणाला, "पाण्याचं काही सांगता येत नाही."

राखणदाराने टोपी डोक्यावर चढवली. मग म्हणाला, बरोबर आहे. आणि गेला.

त्यानंतर मामांनी दुरुस्ती काढली. कुणी विचारलं तर सांगायला म्हणून थंडीत टाकी रिकामी ठेवलेली बरी, असं काहीतरी त्यांनी जुळवून ठेवलं होतं. कुणी विचारलं नाही. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय. कॉक उघडून त्यांनी टाकीतलं सगळं पाणी बादल्यांत काढलं. एक थेंब जमिनीवर पडू दिला नाही. एकेक बादली स्वतः उचलून खाली गटारापर्यंत नेली. अडुसष्ट वर्षांचा माणूस, उताराची वाट, सात बादल्या.

मग पुठ्ठा अंथरून पाठीवर गाडीखाली गेले. मामी बाजूला बसून बॅटरी धरत होती. कॉकला पाना लावायची गरजच पडली नाही, हाताने हलवला आणि तो हातातच आला, अर्धा. त्याच्या गळ्याला केसाएवढी चीर गेली होती आणि आट्यांचा भाग तुटून टाकीच्या भोकातच राहिला होता. तो तुकडा पाहिल्यावर मामांना कळलं की आपण काय केलं होतं. मुळात गळत होतं ते थोडंसं, नुसती टेप बदलली असती तर भागलं असतं. चीर पाडली ती त्यांच्या पान्याने. मामीने जो कट्‌ आवाज ऐकला होता, तो हा.

आत अडकलेली ती कडी काढणं हे नाजूक काम. टाकीचे आटे प्लास्टिकचे, त्यांना ओरखडा गेला तर टाकीच बाद. मामांनी करवतीचं नुसतं पातं कापडात गुंडाळून बोटांत धरलं आणि कडीला आतून एक खाच पाडली, मग समोरच्या बाजूला दुसरी. चार वेळा पातं ओढायचं, थांबायचं, बोटाने चाचपायचं. प्लास्टिकचा भुगा डोळ्यांत पडत होता. हात बधिर झाले की ते बाहेर यायचे, मामी त्यांचे हात आपल्या काखेत धरायची, आणि ते पुन्हा आत जायचे. अडीच तासांनी पकडीत कडीचा एक तुकडा आला, मग दुसरा.

नवा कॉक आणायला मामी बसने गावात गेली. दुकानदारणीने तिला तुटका तुकडा पाहून विचारलं की हा कुणी आवळला, आणि सांगितलं की प्लास्टिकला लोखंडाचं बळ चालत नाही. हाताने फिरेल तेवढं फिरवायचं, मग पान्याने पाव फेरा, बस. मामीने परत येऊन तो निरोप जसाच्या तसा दिला. मामा नुसते ऐकून घेत राहिले, तेव्हाच मामीला पहिल्यांदा काळजी वाटली.

दुसऱ्या दिवशी त्यांनी जुन्या दात घासायच्या ब्रशने टाकीचे आटे साफ केले, कापडाने कोरडे केले. नव्या कॉकच्या आट्यांवर पांढरी टेप गुंडाळली, कॉक ज्या बाजूला फिरणार त्याच बाजूने, म्हणजे बसवताना ती उलगडत नाही. सहा वेढे. हाताने बसवला. छोटा पाना लावून पाव फेरा दिला. त्यांचा हात अजून थोडं पिळायला गेला आणि थांबला.

टाकीत चार बादल्या पाणी भरलं. कॉकखाली कोरडं वर्तमानपत्र पसरलं. दोघंही गाडीखाली शेजारी शेजारी आडवी पडून त्या कागदाकडे बघत राहिली. पंधरा मिनिटं झाली. कागद कोरडा. मग मामा म्हणाले, "तू ऐक."

मामीला आधी समजलंच नाही. तिने टाकीला कान लावला. आत पाणी हलल्याचा हलका आवाज होता, बाकी काही नाही. तिने तसं सांगितलं. मामांनी विचारलं, नक्की? ती म्हणाली, नक्की.

"मला दीड वर्ष झालं," मामा म्हणाले. "आधी डावा गेला. आता उजव्यानेही टपटप वगैरे काही कळत नाही."

"मला ते कळून दोन वर्षं झाली," मामी म्हणाली. "आणि खिडकीतून मी पाहिलं. टाच मारताना."

मामांनी डोळे मिटून घेतले. वरून बघणाऱ्याला चार पाय तेवढे दिसले असते. मामीने त्यांना दोष दिला नाही. मी कुणाला सांगणार नाही, ते तुमचं तुम्ही ठरवा, एवढंच ती म्हणाली. पण तिने एक गोष्ट सांगितली जी मामांना माहीत नव्हती. आदल्या दिवशी ती गावातून येताना दवाखान्यात डोकावली होती. बाईंची शस्त्रक्रिया झाली होती, झोपल्या होत्या. आणि खोलीबाहेरच्या बाकावर राखणदार बसला होता, टोपी हातात धरून. परिचारिकेने सांगितलं की तो कालही आला होता, आत गेला नाही, तासभर बसला आणि उठून गेला.

चौथ्या दिवशी मामा आणि मामी दवाखान्यात गेली. राखणदार बाकावर होताच. मामा त्याच्यासमोर थांबले. आधी आत गेले. बाई उशीला टेकून बसल्या होत्या. तोंड उतरलं होतं, पण केस नीट विंचरलेले. मामीला पाहून हसल्या. त्या सांगत होत्या की त्या बिचाऱ्याला आत बोलवा, मी परिचारिकेकडून दोनदा निरोप पाठवला तरी येत नाही. चूक माझीच आहे, थंडीत पायाखाली न बघता चालणारी मी.

मामा पलंगाच्या पायथ्याशी उभे होते. तिथूनच म्हणाले, "बाई, पाणी माझं होतं."

बाईंना कळेना. मग मामांनी सगळं सांगितलं. कॉक, पाना, चीर, बर्फाची सुई, वाळू, आणि राखणदाराला दिलेलं उत्तर. काहीही गाळलं नाही. सांगताना ते हळू बोलत होते की मोठ्याने हे त्यांना कळत नव्हतं. दारापर्यंत सगळं ऐकू जात होतं, असं मामी म्हणते.

बाईंनी विचारलं, "हे तुम्हाला कधी कळलं?"

"त्याच सकाळी. रुग्णवाहिका यायच्या आधी."

"म्हणजे आज चौथा दिवस."

मामांनी होकार दिला.

"कॉक कुणाचाही गळतो," बाई म्हणाल्या. "त्याचं मी मनात काहीच धरणार नाही. पण हे चार दिवस माझे नाहीत, ते त्याचे आहेत. ते मला माफ करता येणार नाहीत, मला तो अधिकार नाही." आणि त्यांनी तोंड खिडकीकडे वळवलं. चाळीस वर्षं वर्गात उभ्या राहिलेल्या बाईंनी तास संपवला होता.

बाहेर आले तेव्हा बाक रिकामा होता.

मामा तडक मालकाकडे गेले आणि त्याच्यासमोर सगळं पुन्हा सांगितलं. मालक आधी चिडला, मग गोंधळला, मग त्याला बहुधा लाज वाटली. राखणदाराची नोकरी राहिली. मालकाने त्याला तसं सांगायला माणूस पाठवला, स्वतः गेला नाही. बाईंच्या दवाखान्याचा भार मामा उचलायला तयार होते, पण बाईंच्या पुतण्याने फोनवर कोरडेपणाने कळवलं की विमा आहे, गरज नाही, आणि काकूंना आता आम्ही घेऊन जातो आहोत.

तळावर बातमी पसरायला किती वेळ लागणार? सगळे आधीसारखंच मान हलवायचे, फक्त थोडं उशिरा. मामांच्या डोक्यातून मात्र काही जात नव्हतं. मामी म्हणाली, निघू या इथून. ते म्हणाले, महिना पुरा करू. पळालो असं व्हायला नको. तो महिना त्यांनी कसा काढला ते मला फोनवर कळायचं. मामा एका वाक्यात फोन संपवायला लागले होते, पण ते ऐकू येतं म्हणून नव्हे.

मधल्या काळात एकदा ते डॉक्टरकडे जाऊन आले. दोन्ही कानांत यंत्रं बसली. पहिल्या दिवशी त्यांनी ती अर्ध्या तासात काढून ठेवली. सगळंच फार मोठं ऐकू येतं, माझं स्वतःचं चालणंसुद्धा, असं म्हणाले. मामीने दुसऱ्या दिवशी पुन्हा लावून दिली.

बाईंची पांढरी गाडी न्यायला पुतण्या आला तेव्हा पाणी काढलेलं नव्हतं आणि थंडीने आतला एक नळ फुटला होता. मामा गेले, म्हणाले मी करून देतो. पुतण्याने त्यांच्याकडे बघितलं, त्याला ओळख पटली आणि तो बाजूला झाला. मामांनी दुपारपर्यंत काम करून नळ बदलला, टाकी कोरडी केली. पुतण्याने आभार मानले नाहीत आणि मामांनी ती अपेक्षाही ठेवली नव्हती. बाई आता काठी घेऊन चालतात, एवढं त्याच्याकडून कळलं. गाडी विकायची ठरली होती. त्या पुन्हा एकट्या कुठे राहणार नव्हत्या.

निघायच्या दिवशी राखणदार गॅसची टाकी उतरवून घ्यायला आला. महिनाभर तो मामीशी बोलत होता, मामांशी नाही. टाकी उतरवली, पाना खिशात ठेवला आणि पहिल्यांदाच मामांकडे वळला.

"तुम्ही सांगितलंत ते बरं केलंत," तो म्हणाला. "पण मी तुम्हाला विचारलं होतं. समोर उभं राहून विचारलं होतं."

मामा म्हणाले, "हो."

त्यांना आणखी बोलायचं होतं. महिनाभर मनात जुळवलेलं सगळं ओठांशी आलं होतं. पण राखणदार टाकी खांद्यावर घेऊन उताराने चालू लागला होता, आणि त्याला थांबवून ऐकवण्यासारखं त्यात काही नाही हे त्यांना कळलं. मामीने गाडी सुरू केली. फाटकातून बाहेर पडताना राखणदाराने नेहमीसारखं फाटक धरून ठेवलं, आणि मामीने हात केला. त्यानेही केला.

ती दोघं आता आमच्याच शहरात आहेत. कॅम्पर घराशेजारी उभा असतो, उन्हाळ्यात थोडा फिरतो, हिवाळ्यात नाही. मामा दर महिन्याच्या पहिल्या तारखेला राखणदाराला पत्र लिहितात, साधंच, प्रकृती कशी आहे, नळ गोठले का. पत्ता मामी घालते. तीन वर्षांत उत्तर आलेलं नाही. पत्र परतही आलेलं नाही.